तांदळाच्या खोलीतला आवाज

गुरुप्रसाद सरांनी मला फसवलं. नऊ वर्षं ज्या माणसाबरोबर एका टेबलावर डबा खाल्ला, त्याच्याबद्दल हे म्हणताना जीभ अडखळत नाही, याचंच मला नवल वाटतं.

सातवीच्या विज्ञानासाठी मी मोबाइलवर ॲनिमेशनचे व्हिडिओ करत होते. चित्रं माझी, आवाज माझ्या वर्गातल्या शिवकन्याचा. तेर गावातल्या आमच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाची खोली आहे. पोत्यांमुळं तिथं आवाज घुमत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत आम्ही दोघी दार लावून तिथं रेकॉर्डिंग करायचो. जडत्वाच्या व्हिडिओत धाराशिवला निघालेली एसटी करकचून ब्रेक मारते आणि शिवकन्या सांगते, "गाडी थांबली, पण आपलं आंग थांबाया तयार न्हाय. म्हणून आपुन म्होरं जातो."

व्याख्या घोकून घोकून कंटाळलेली पोरं ते ऐकून हसली आणि त्यांना कळलं. मी शिवकन्याला म्हणाले, "तू बोललीस की सगळ्यांना कळतं." एरवी खाली मान घालून बसणारी ती पोरगी त्यानंतर वर्गात बोलायला लागली.

कॉम्प्युटरचं मला फारसं जमत नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेला व्हिडिओ पाठवायचं काम सरांनी आपणहून घेतलं. महिन्याभरानं तो निवडला गेला आणि शाळेत दाखवायचं ठरलं. शिवकन्याची आई कस्तुराबाई सोयाबीनची काढणी सोडून आली नि पहिल्या ओळीत बसली.

पडद्यावर आधी नाव आलं. निर्मिती, गुरुप्रसाद सर. माझं कुठंच नव्हतं. लेकरांसमोर मी राग गिळला. मग एसटी निघाली, ब्रेक लागला आणि कुणा अनोळखी बाईचा गुळगुळीत आवाज आला, "गतिमान वस्तू आपली अवस्था कायम राखण्याचा प्रयत्न करते."

कस्तुराबाईनं शेवटपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, "सर, माज्या लेकीचा आवाज कुठंय?"

"असलं गावठी बोलणं जिल्ह्याला चालत नसतं, मावशी," सर म्हणाले आणि माझ्याकडं न बघता पुढं जोडलं, "बाईंना विचारूनच बदललाय."

"खोटं बोलताय तुम्ही," मी सगळ्यांसमोर म्हणाले. सरांनी हसून वायर गुंडाळायला घेतली.

मी शिवकन्याजवळ गेले. "मला काहीच माहीत नव्हतं गं."

"असू द्या, बाई," ती म्हणाली. मोठ्यांनी लहानाची समजूत घालावी तशी.

मी लेखी तक्रार दिली आहे. चौकशी होईल तेव्हा होईल. शिवकन्या रोज शाळेत येते. मी प्रश्न विचारला की उभी राहते, वहीत उत्तर लिहिते आणि वही माझ्यापुढं धरते. उत्तर बरोबर असतं, शब्दन्‌शब्द पुस्तकातलं.