सत्तेचाळीस नंबरचा जोड

यंत्र

लोडर, पिवळा. पुढे बादली, बादलीला दोन आर्म.

आमच्या वर्कशॉपच्या एनॉसनं दुरुस्तीच्या कार्डावर पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय. रकाना लहान आहे. उरलेलं मी मागच्या बाजूला लिहितो.

दोन वर्षांपूर्वी याचा उजवा आर्म तुटला. खाली सुरेश होता, फिजीचा, ड्रायव्हर. पाय गुडघ्यापासून गेला.

मालक

मकरंद. म्हणजे मक्या. औंधच्या आयटीआयपासूनचा माझा दोस्त.

एकाच वर्षी न्यूझीलंडला आलो, हॉर्नबीतल्या एकाच कारखान्यात लागलो. तिथे प्रत्येक वेल्डरला एक पोलादी पंच मिळायचा. जोड केला की शेजारी आपला नंबर ठोकायचा. माझा सत्तेचाळीस. मक्या सुपरवायझर झाला आणि त्याचा पंच जमा झाला.

एका शुक्रवारी मी घरी गेल्यावर त्यानं या लोडरच्या दोन्ही आर्मना वेल्डिंग केलं. आर्मना पडलेल्या जुन्या भेगा खरवडून काढल्याच नाहीत, वरून नुसता थर चढवला. मग माझ्या खणातला पंच घेतला.

४७.

४७.

चौकशीत नंबर बोलला. मी म्हणालो, मक्या डावखुरा आहे, त्याच्या वेल्डवर उमटणाऱ्या लहरी उलट्या झुकतात, फोटो बघा. इन्स्पेक्टर म्हणाला, लहरी काय, कुणाच्याही असतात. माझं वेल्डिंगचं सर्टिफिकेट गेलं, नोकरी गेली. सुरेशच्या बायकोनं सुपरमार्केटमध्ये मला बघितलं आणि ट्रॉली तिथेच सोडून निघून गेली.

तक्रार

मंगळवारी मक्या ट्रेलरवर लोडर घेऊन आला. भंगारातून उचललेला. आता तो स्वतःच यंत्रं भाड्यानं देतो.

"श्याम्या? तू इथे, या दाढीवाल्यांत?"

"हे सर्टिफिकेट मागत नाहीत."

आसपासचे शेतकरी यांना आमिश म्हणतात. अमेरिकेतून आलेली पाच कुटुंबं. विजेची तार घेत नाहीत. एक डिझेल इंजिन, त्यावर पट्टे, पट्ट्यांवर लेथ. कोर्टात जात नाहीत, शपथ घेत नाहीत. पहिल्याच दिवशी मी एनॉसला सगळं सांगितलं होतं. सत्तरीचा म्हातारा, शांतपणे ऐकून म्हणाला, "माफ कर त्याला."

मी म्हणालो, "बघतो."

"बरं झालं, घरचाच माणूस भेटला," मक्या म्हणाला. "उजवा आर्म नवा कर. डाव्याला हात लावू नकोस, तो ठणठणीत आहे."

"कुणी केलाय?"

त्यानं आर्मवरच्या आकड्याकडे बघितलं. हसला.

"तूच की!"

मीही हसलो. कधी नेणार विचारलं. शनिवारी म्हणाला, इराचं नेटबॉल आटोपून.

इरा त्याची मुलगी, चौदा वर्षांची. माझी बायको विभावरी आमच्या गराजमध्ये रविवारी मराठीचा वर्ग घ्यायची, तिथे इरा चार वर्षं येत होती. समजतं सगळं. उत्तर इंग्रजीत देते.

शनिवार. वा. म्हणजे इरा बरोबर असणार.

चाचणी

इथला नियम: बादलीत नदीचे गोटे भरायचे, गिऱ्हाईकानं ती उचलायची, आणि ज्यानं जोड केला त्यानं शंभर अंक होईपर्यंत खाली उभं राहायचं.

मक्या केबिनमध्ये बसला. इरा ट्रेलरवर बसून चिप्स खात होती. बादली डोक्याच्या वर गेली. मी खाली शिरलो, डाव्या आर्मच्या बाजूला. एनॉस मोजू लागला.

"श्याम्या, उजवीकडे उभा राहा."

"का रे?"

"सहज."

"डावाही माझाच ना? तूच म्हणालास."

वीस. एकवीस. गोटे कुरकुरले.

"मस्करी पुरे. बाहेर ये."

"शंभर होऊ देत. तू जरा हिसका दे, नीट कळेल."

"अरे, आत भेग आहे!"

"माझ्या जोडात?"

"तुझा नाही तो! दोन्ही मी केलेत, पंच मी ठोकला, बाहेर ये गाढवा, मरशील!"

बासष्टवर एनॉस थांबला. त्याला मराठीतलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मक्याकडे.

इरानं चिप्सची पिशवी खाली ठेवली.

"बाबा, डिड यू?"

मी तिला म्हणणारच होतो की एनॉसला सांग. गरज पडली नाही. ती उठून त्याच्यासमोर गेली आणि शाळेत धडा म्हणावा तसं म्हणाली, "ही सेड ही डिड इट. बोथ साइड्स. ही यूज्ड अंकल्स नंबर."

मी म्हणालो, "त्रेसष्ट."

एनॉसनं शंभरपर्यंत मोजलं. मग मी बाहेर आलो.

केलेलं काम

उजवा आर्म: नवा.

डावा आर्म: गुरुवारी कापला. भेग मुळापासून काढली, आर्म तापवून पुन्हा जोडला, रंग दिला. आकड्याला हात लावला नाही. मालकाची परवानगी: नाही.

हे मी मक्याला वाचून दाखवलं. तो केबिनमधून उतरला.

"म्हणजे पडणार नाही हे तुला माहीत होतं?"

"स्वतःच्या कामाखाली उभा होतो मी."

"हलकट आहेस तू."

"असेन. डावखुरा नाही."

परत दिलेले भाग

कापलेला तुकडा गिऱ्हाईकाला परत करायचा, हाही इथला नियम. वीतभर भेग, वर उलट्या झुकलेल्या लहरी. मक्यानं हात पुढे केला, डावा. मी तुकडा इराच्या हातात दिला.

जड होता. तिनं दोन्ही हातांनी धरला.

"हू डू वी शो धिस टू?"

"इन्स्पेक्टरला. सोमवारी आठला ऑफिस उघडतं."

"आय हॅव स्कूल."

"बाबा नेतील तुला," मी म्हणालो. मक्याकडे बघूनच म्हणालो.

ट्रेलर गेटबाहेर गेला तेव्हा ती पुढच्या सीटवर होती, तुकडा मांडीवर. लोडर इथेच ठेवलाय. मक्यानं नेतो म्हटलंही नाही.

एनॉसनं बराच वेळ कार्ड धरून ठेवलं. "याला माफ करणं म्हणतात?"

"नाही."

त्यानं शेवटच्या रकान्यात लिहिलं: काम चांगलं. मग हवेच्या दाबावर चालणारा ग्राइंडर माझ्यापुढे ठेवला.

"तो आकडा घासून टाक. इथे कामावर कुणाचं नाव लागत नाही."

"सोमवारनंतर," मी म्हणालो.