संपवून राहिले

“रडायची गेम पाहिजे का डोस्कं खपवायची?” चांदपाशानं विचारलं.

काउंटरसमोर सत्यम उभा होता. सकाळचा बायोलॉजीचा पेपर त्याच्या तोंडावर अजून तसाच दिसत होता. “डोस्कं क्लासमंदी खपूनच राहिलंय भाई. रडायची द्या.”

“मग ती बेटावरच्या पोस्टमनची घे. सुरवातीला म्हातारा नुसता चालतंय, कंटाळा येतोय. दुसऱ्या बेटावर जाईस्तोवर दम धर. तिथं त्याला सोताच्याच नावाचं पत्र घावतंय. पुढं मी सांगत न्हाई.”

“यूट्यूबवाला तर म्हनतोय, लई स्लो हाय.”

“त्याला मारामारी लागती. तू माझं ऐकायलास का त्याचं?”

सत्यमनं मुकाट्यानं पेन ड्राइव्ह पुढं केला.

लातुरात, क्लासेसच्या गल्लीत, ‘पाशा कॉम्प्युटर’ हे दुकान पाटीवर दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं होतं. चालायचं मात्र मालकाच्या मतावर. त्या मताला पोरं ‘राय’ म्हणायची. ज्या गेममध्ये मारामारी कमी आणि गोष्ट जास्त, त्यातली कुठली कुणी खेळावी, हे चांदपाशा गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगायचा. गावात डॉक्टर व्हायला आलेल्यांची एवढी गर्दी, की आजारी पडायला माणूस शिल्लक राहिला नव्हता. आणि त्या सगळ्यांना रविवारी दोन तास दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य जगायचं असायचं. चांदपाशाची अट एकच. हातातली गोष्ट संपवल्याशिवाय नवी मिळणार नाही, आणि संपवल्यावर आपली राय दुकानात येऊन द्यायची.

स्वतः चांदपाशा मात्र अकराव्या वर्षापासून रडलेला नव्हता. भूकंपाच्या वर्षी त्याची आई बेगमबी धाकट्या बहिणीला, जिक्राला, घेऊन औशाच्या पलीकडं माहेरी गेली होती. सहामाही परीक्षा म्हणून हा बापाजवळ लातुरात राहिला. दोघींना दगडमातीतून काढलं तेव्हा त्याला रडू आलं नाही, आणि मग कधीच आलं नाही. लग्न झालं, पोरं झाली, बाप गेला. आत सगळं बसून बसून बधिर झालेल्या पायासारखं. गेममधल्या माणसांवरही तो रडायचा नाही, पण कुठं रडायला पाहिजे हे त्याला बरोबर कळायचं. पोटापाण्याला तेवढं पुरत होतं.

सत्यम गेला तशी मागं उभी असलेली बाई पुढं आली. पंचेचाळिशीची असेल. डोक्यावरून पदर, छातीशी धरलेली लॅपटॉपची बॅग. बॅग चांदपाशानं लगेच ओळखली. तिची चेन तुटली तेव्हा त्यानंच तिला दोरी बांधून दिली होती.

“पाशाभाई तुमीच का?”

“हाव.”

“मी दानम्मा. जळकोटहून आले. दीपमालाची आई.”

त्यानं स्टूल पुढं सरकवलं, पाण्याची बाटली ठेवली. काहीतरी वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी दीपमाला होस्टेलच्या गच्चीवरून पडून गेली होती. त्या सकाळी टेस्टचा निकाल लागला होता आणि तिचा नंबर बराच खाली घसरला होता. पडण्याआधी अर्धा तास तिनं एकच मेसेज केला होता, तोही चांदपाशाला. ‘भाई, सगळं संपवून राहिले आज.’ पोलिसांनी मोबाइल बघितला, आणि त्या एका ओळीवरून ही आत्महत्याच, असं सगळ्यांचं एकमत होऊन गेलं. ठाण्यातून फोन आला तेव्हा “दुकानाची गिऱ्हाईक होती साहेब, मला काय म्हाईत न्हाई,” एवढं बोलून चांदपाशा मोकळा झाला होता. धंदा बिनपरवान्याच्या गेम भरून देण्याचा, त्यातून नाव चांदपाशा, आणि मेसेज करणारी अठरा वर्षांची दीपमाला. कुठूनही बघितलं तरी गप्प बसणंच शहाणपणाचं होतं, आणि गप्प बसणं त्याला काही जड जात नसे.

दानम्मा बोलायला लागली ती कागद वाचून दाखवल्यासारखी, एका सुरात. “त्या दिशी सकाळी मी तिला फोन केलता. म्हनलं, एवढेच मार्क पाडनार आसशील तर घराकडं तोंड दाखवू नको. आमचे मालक, ईश्वरप्पा, तवापसून माझ्यासंगं बोलत न्हाईत. मीबी बोलत न्हाई. भाकरी करते, ते खात्यात. भाऊ, मला एवढंच सांगा. सगळं म्हनजी काय? माझी लेक माझ्या बोलन्यानं मेली का?”

चांदपाशाला उत्तर तीन आठवड्यांपासून माहीत होतं, निदान अर्धं तरी. ते कुणाला सांगितलं नव्हतं याची लाज त्याला आत्ता, या बाईच्या कोरड्या डोळ्यांसमोर वाटली.

“अक्का, तिला गोष्ट अर्धी सोडायची खोड होती. शेवट वाईट हाय असं वाटलं की सोडून द्यायची. तीन गेम तशाच पडल्या होत्या. मी समद्यांसमोर म्हनलो, तिन्ही संपव, मगच नवी देतो. हसली आन् गेली. त्या दिशी तेच करून राहिली होती ती. सगळं म्हनजी त्या तीन गेमा.”

दानम्माचा चेहरा हलला नाही. “हे तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगायलाव.”

त्यानं बॅगेकडं बोट केलं. “लॅपटॉप कुनी चालू केलता का?”

“न्हाई. होस्टेलवाल्यांनी घालून दिला तसाच हाय.”

त्यानं दोरी सोडली, चार्जर लावला. दोन मिनिटांनी पडद्यावर, बॅटरी उतरली तेव्हा होती तशीच, बर्फातली वाट आली. वाटेवर धाकट्या बहिणीला पाठुंगळी घेतलेली एक मुलगी, आणि मधोमध दोन उभ्या रेघा. चांदपाशा त्या रेघांकडं बघत राहिला. मग त्यानं बाकीच्या दोन गेमच्या फायली तपासल्या. एक दुपारी एकला संपलेली. दुसरी पावणेपाचला. तिचा मेसेज चार पन्नासचा होता.

“किती वाजता पडली?”

“पाच-वीसला. कपडे काडाया वर गेलती, मैत्रीन सांगती. पन साहेब म्हनले, कपडे तर तारंवरच हायत. मी गच्ची बघून आले. तार कठड्याच्या भाहेर हाय भाऊ. वाकून काडावं लागतंय. पन त्या मेसेजफुडं माझं कोन ऐकतंय?”

त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. “इकडं बघा अक्का. ह्या दोन रेघा म्हनजी थांबवलंय. बंद न्हाई केलं. ह्या गेममंदी झोपडीपाशी गेल्याबगैर खेळलेलं जतन होत न्हाई. झोपडी ती बघा, समोर दिसायली. ज्याला उठूनच जायचंय, तो तिथपर्यंत जातो, न्हाईतर अर्धा तास खेळलेलं समदं वाया. हिनं नुसतं थांबवलं आन् लॅपटॉपचं टोपण लावलं. पाच मिनटात परत यायचं आसलं की असं करत्यात. मीबी करतो, चहा आनाया जाताना.”

“म्हनजी?”

“परत येनार होती ती.”

“ही तुमची राय हाय?”

“हाव.”

दानम्मानं पडद्याच्या कडेला हात लावला आणि तसाच ठेवला. बाहेर कुठल्याशा क्लासची बॅच सुटली आणि गल्ली पोरांनी भरून गेली.

“मग हेच ठाण्यात चलून सांगा,” ती म्हणाली.

चांदपाशानं मागच्या कॉम्प्युटरकडं बघितलं. त्यात चारशेच्या वर गेम होत्या आणि एकीचंही लायसन नव्हतं. भीतीसुद्धा त्याला धड वाटेना.

“अक्का, माझं दुकान जाईल.”

“जाईल,” ती म्हणाली. समजूत घालायचा प्रयत्न तिनं केला नाही, विनवणीही केली नाही. स्टुलावर बसून राहिली.

चार वाजता, ऐन गर्दीच्या वेळी, चांदपाशानं शटर ओढलं. “भाई, नवी कुठली घेऊ?” म्हणत दोघं-तिघं आडवे आले, त्यांना त्यानं हातानंच नाही म्हटलं. टोपण लावायचं नाही असं त्यानं सांगितल्यामुळं दानम्मानं लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांवर घेतला होता. ऑटोतही तिनं तो मांडीवर टेकवला नाही.

ठाण्यातले साहेब सांगलीकडचे होते, बदली होऊन वर्षही झालेलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाकून पडदा बघितला, कठड्याबाहेरच्या तारेचं दोनदा विचारलं. मग स्वतः जबाब सांगायला लागले आणि हवालदार शेषेराव लिहायला लागले.

“तुम्ही मुलीचे कोण?”

“कोन न्हाई. कुठली गेम चांगली हाय, ते सांगायचो.”

“गेम विकायचं लायसन आहे?”

“न्हाई साहेब. तेबी लिहून घ्या.”

साहेबांनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि तेही लिहायला सांगितलं. मग पुढचं वाक्य सांगितलं, “सदर मुलीने मला मेसेज केला की, तिने आज सर्व संपवले आहे.”

“न्हाई साहेब,” चांदपाशा म्हणाला. आवाज जरा मोठा निघाला. “संपवले आहे न्हाई. संपवून राहिले.”

“तेच हो. जबाब शुद्ध भाषेत नको का?”

“तेच न्हाई साहेब. संपवून राहिले म्हनजी संपलेलं नसतंय. चालू आसतंय. मानूस त्याच कामात आसतंय.”

साहेबांनी शेषेरावांकडं बघितलं. शेषेराव देगलूरचे, त्यांची बोली तीच. त्यांनी पेन उचललं आणि जरा खाली बघूनच बोलले, “बरोबर हाय त्याचं, साहेब. आता मी काय करून राहिलो? लिहून राहिलो. लिहून झालं न्हाई.”

त्या मेसेजवर तीन आठवडे सगळं ठाणं एकमतात होतं, आणि त्यात शेषेरावही होते.

“खोडा ते,” साहेब म्हणाले. “मुलगी म्हणाली तसंच लिहा. आणि खाली त्याचा अर्थ लिहा.”

शेषेरावांनी ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, आणि नव्यानं, एकेक अक्षर सुटं काढत लिहायला घेतलं. चांदपाशा उभाच होता. उद्या दुकानावर कोण येईल, काय काय उचलून नेतील, हे त्याला दिसत होतं, आणि तरी तो तिथून हलत नव्हता.

दानम्माचं लिहिण्याकडं लक्ष नव्हतं. टेबलाच्या कडेला चार्जर लावून लॅपटॉप ठेवला होता. कुणी हात लावला नाही की थोड्या वेळानं पडदा मंद व्हायला लागायचा. तसा तो मंद झाला की ती पुढं वाकून एका बोटानं त्याला हळूच शिवायची, आणि बर्फातली ती मुलगी परत उजळायची.