अनोळखी धुराची नोंद

नगरपंचायतीने लाकडाच्या धुरावर नियम केला त्या सोमवारपासून गावातला धूर वर जायचा थांबला. तो दारातून बाहेर पडायचा, अनवाणी माणसासारखा जपून पावलं टाकत पोलीस चौकीवर जायचा आणि तिथल्या बाकावर बसून राहायचा. ज्याचा विस्तव त्याचा चेहरा. धोंडिबा खुटाळेच्या बंबाचा धूर धोंडिबासारखाच एक खांदा पाडून चालायचा. वरच्या आळीतल्या मास्तरणीचा धूर रस्त्यात कुणी भेटलं की पदर सावरायचा.

घाटमाथ्यावरचं गाव. मार्गशीर्षात तिथे गार पाणी अंगावर घेण्याची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे घरटी मागच्या दारी तांब्याचा बंब होता आणि सकाळी आठपर्यंत चौकीत चाळीस-पन्नास धूर गोळा व्हायचे. पण चौकीतले पोलीस सगळे बदलून आलेले. त्यांना गावाची तोंडं ठाऊक नव्हती. धुराला बोलता येत नाही. म्हणून भिंतीभिंतीवर कागद लागले:

*लाकूडजन्य धुराची ओळख पटविण्याकामी नागरिकांचा सहभाग अपेक्षित आहे. ज्या घराने जितकी हवा घेतली तितकी जागा त्या घरातून वजा करण्यात येईल. — धूर ओळख समिती*

समितीवर वामन करडेला घेतलं. वामन तांबट होता. गावात असा बंब नव्हता ज्याच्या तोटीला त्याने झाळ लावली नव्हती, आणि बंब दुरुस्त करणारा माणूस मागच्या दाराने येतो, त्यामुळे घरातली माणसं त्याला बिनपावडरची, बिनटोपीची माहीत होती. हवालदार साळोखे त्याला म्हणाले, "वामनराव, बसा." आणि खुर्ची पुढे केली. वामनला आयुष्यात सरकारी जागेत खुर्ची कुणी दिली नव्हती. तो बसला.

पहिला आठवडा मजेत गेला. साळोखे बाकावरच्या धुराकडे पेन दाखवायचे, वामन नाव सांगायचा, स्वच्छता निरीक्षक तारळेकर मॅडम नोंदवहीत लिहायच्या, आणि दुपारपर्यंत ते घर चार बोटं कमी व्हायचं. आवाज व्हायचा नाही. माणूस जेवायला बसलेला असायचा आणि भिंत येऊन त्याच्या पाठीला टेकायची.

"काय वामनराव, आज कुणाचं छप्पर खाल्लंत?" धोंडिबा पारावरून ओरडायचा. त्याला आता स्वतःच्या घरात टोपी काढून शिरावं लागत होतं.

"तुझंच. जरा अळणी होतं," वामन म्हणायचा, आणि लोक हसायचे.

वामनच्या घरी गॅसवर पाणी तापायचं. तांबटाच्या घरी बंब नाही, यावर गाव पूर्वीपासून थट्टा करायचं. आता करत नव्हतं.

•

दुसऱ्या आठवड्यात वामनची लेक आश्लेषा माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. अडीच किलोची, नाकेली, रडताना एकच डोळा मिटणारी.

"शेक-धुरी लागणार," वामनची बायको शालन म्हणाली. "आजपासून. सव्वा महिना."

"गॅसवर होत नाही?"

"गॅसवर पापड होतात. निखारा लागतो, त्याच्यावर ओवा अन् बाळंतशेपा. पोरीची कंबर धरलीय आणि बाळ गार पडतंय. हात लावून बघा."

वामनने हात लावून बघितला. बाळाचे पाय माठासारखे गार होते.

तो मॅडमकडे गेला. मॅडमनी छापील अर्ज काढला. *सूट कोणत्या कारणास्तव हवी आहे:* सण — होय / नाही. अंत्यविधी — होय / नाही. त्याखाली सही.

"बाळंतपण कुठे लिहू?"

"तसा रकाना नाही."

"अंत्यविधीला दहा मण लाकूड चालतं आणि ओंजळभर निखारा चालत नाही?"

"चालत नाही असं नाही, वामनराव. लावा ना. धूर येईल, तुम्ही ओळखाल, आम्ही वजा करू." मॅडम खरोखरच आपुलकीने बोलत होत्या. "तुमच्या घराची उंची अजून पूर्ण आहे. गावात एकट्या तुमच्या."

•

त्यांच्या आळीत एक पद्धत होती. बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव नव्या काडीने पेटवत नाहीत. जिची सगळी लेकरं जगली अशा बाईच्या चुलीतून तो मागून आणतात, आणि अशा मागण्याला कुणी नाही म्हणत नाही. शेजारच्या चंद्राक्काची सातही लेकरं जगली होती. शालन फुटकी कढई घेऊन गेली आणि चंद्राक्काने दोन निखारे जास्तच घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीतल्या बाकावर दोन चंद्राक्का बसल्या होत्या. दोघींचा पदर डोक्यावर, दोघींचा उजवा गुडघा चोळण्याचा चाळा सारखाच. वामनला कळायला वेळ लागला नाही. विस्तव तिचा, म्हणून चेहरा तिचा.

"ही?" साळोखेंनी पेन दाखवलं.

"चंद्राबाई बंडगर."

"आणि ही?"

वामनला आपल्या मधल्या खोलीचं आढं आठवलं. त्याच्याखाली आश्लेषा उताणी निजली होती, पोटाला पट्टा बांधून.

"तीच," तो म्हणाला. "म्हातारीला दोनदा चूल लागते."

दोन नोंदी झाल्या. दुपारी चंद्राक्काचं घर आठ बोटं खाली आलं.

असं रोज. चौथ्या दिवशी ती दारातून वाकून यायची, सहाव्या दिवशी रांगत. आठव्या दिवशी वामन स्वतः निखारे मागायला गेला, कारण शालनला आता तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. घर वामनच्या कमरेला लागत होतं. चंद्राक्का आत आडवी होऊन फुंकणीने चूल फुंकत होती.

"ये रं वामन. बस म्हनलं असतं, पर कुठं बसशील?"

"निखारे हवे होते, अक्का."

"घे की. बाळ दूध वढतंय न्हवं?" तिने चिमट्याने निखारे कढईत टाकले. "एक इचारू? माझा एक धूर मी वळखते. सकाळी माझ्याच दारातनं जातोय. दुसरा कुनाचा रं?"

वामनने कढई दोन्ही हातांनी धरली होती. कडा भाजत होत्या.

"न्हाई सांगायचं तर ऱ्हाऊ दे," चंद्राक्का म्हणाली. "पोरीला शेक द्या आधी. निखारा इझंल."

नवव्या दिवशी तिच्या घरात चूल मावेना. तिने चूल विझवली, कुलूप लावलं, घर उचलून बगलेत मारलं आणि नऊच्या एसटीने लेकाकडे मिरजेला गेली. कंडक्टरने घर मांडीवर घ्यायला सांगितलं. तिच्या जागी आळीत चौकोनी कोरडी माती राहिली.

•

आता काडी ओढावी लागणार होती, आणि जो ओढेल त्याचा चेहरा चौकीवर जाणार होता.

"मी ओढते," आश्लेषा म्हणाली. "माझा शेक, माझा धूर."

"गप पड," शालन म्हणाली. ती बाळाकडे वळली. "अहो, हिला कोण ओळखतंय? हिचं अजून नावसुद्धा नाही."

तिने काडी बाळाच्या मुठीत दिली, मूठ आपल्या मुठीत धरली आणि ओढली.

त्या दिवशी वामनच्या दारातून निघालेला धूर वीतभर होता. त्याला चालता येत नव्हतं. तो रांगत निघाला, उंबऱ्यावर अडला, पोटावर आपटला, पुन्हा निघाला. चौकीपर्यंत पोचायला त्याला दुपार झाली. वाटेत बाया त्याला बघायला थांबत होत्या. धोंडिबाने त्याच्या वाटेतला दगड पायाने बाजूला केला आणि मग आपण काय केलं म्हणून इकडेतिकडे बघितलं.

साळोखेंनी धूर टेबलावर उचलून ठेवला. तो एकच डोळा मिटून रडायला लागला, बिनआवाजी.

"हा कुणाचा, वामनराव?"

"नाव नाही."

"माहीत नाही, की नावच नाही?"

"नावच नाही."

वामन बऱ्याच दिवसांनी खरं बोलला होता. त्याला हलकं वाटलं. मॅडमनी नोंदवहीचं मागचं पान काढलं, वर *अनोळखी* लिहिलं आणि खाली रेघ मारली.

संध्याकाळच्या शेकाचा दुसरा धूर आला. दहाव्या दिवशी आणखी दोन आले. साळोखेंनी बाकाला दोन्ही बाजूंनी खुर्च्या लावल्या, धूर पडू नयेत म्हणून. एकाला ते मांडीवर घेऊन बसायचे आणि गुडघा हलवत पंचनामे लिहायचे.

अकराव्या दिवशी सहा झाले. त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "नियम अकरा तुम्हाला ठाऊक असेलच. अनोळखी धुराला प्रत्येकी एक खोली धरतात. ओळख पटली की सगळ्या एकदम वजा."

"आमच्या चारच खोल्या आहेत," वामन म्हणाला, आणि जीभ चावली.

मॅडमनी वर बघितलं नाही. "तुमच्या कशाला म्हणताय? नाव नाहीये ना अजून?"

"चारातून सहा खोल्या कशा जातील, मॅडम?"

"जातात," मॅडम म्हणाल्या.

वामन उठला, बसला, पुन्हा उठला. "माझा आहे तो. सगळे सहा. लिहा. माझं घर, माझी शेगडी. आणि चंद्राक्काचे दुसरे धूर, तेही माझ्याच घरचे होते. मी खोटं सांगितलं."

साळोखेंनी मांडीवरचा धूर वामनच्या तोंडाशेजारी धरला. आधी इकडून पाहिलं, मग तिकडून.

"चेहरा तुमचा नाही, वामनराव."

"आणि चंद्राबाईंची नोंद झाली," मॅडम म्हणाल्या. "ते घर आता आपल्या हद्दीत नाही. बसा ना. पाणी घेता?"

•

"बारसं करायचं नाही," वामनने घरी येऊन सांगितलं.

"म्हणजे?"

"करायचं नाही. बिननावाची वाढू दे. हाक मारायची तर टाळी वाजवा."

"व्याही गाडीत बसलेत," शालन म्हणाली. "आत्याने नाव ठरवून आणलंय. कुणालाच सांगितलं नाही तिने, नवऱ्यालासुद्धा नाही."

"तिला फोन कर. म्हणावं, मनातच ठेव."

"बाराव्या दिवशी नाव नाही ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतात हे वामनला रोज चौकीत बसून कळत होतं. मधल्या खोलीत जाऊन त्याने आढ्याकडे हात उंच केला. हात पोचला नाही. त्याने स्टूल घेतलं, तरी पोचला नाही. घराची उंची अजून पूर्ण होती.

आश्लेषा अंथरुणावरून त्याच्याकडे बघत होती. "बाबा, तिचे पाय गरम लागायला लागलेत," ती म्हणाली.

•

बाराव्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, खाली घुगऱ्यांचं ताट. आत्या प्रणोती जरीचं नेसून आली होती आणि सगळ्यांनी विचारून झालं तरी ओठ मिटून हसत होती.

मग साळोखे आले. पाठीमागून सहा धूर रांगत आत आले आणि सतरंजीवर बसले. सकाळच्या शेकाचा सातवा कोपऱ्यातून निघून त्यांच्यात सरकला. मागे तारळेकर मॅडम होत्या, वही उघडूनच.

"आम्ही काही अडथळा करत नाही," साळोखे म्हणाले. "चालू द्या तुमचं. पेढा नको, मला शुगर आहे."

बायका पाळणा म्हणायला लागल्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत बाळ पाळण्याच्या खालून वरून फिरलं आणि आत निजलं. धूर माना वळवून ते बघत होते. सातही जणांनी एकेक डोळा मिटला होता.

"प्रणोती, चल गं. पाठीत धपाटे खायला तयार हो," कुणीतरी म्हणालं, आणि बायका मुठी वळून आत्यामागे उभ्या राहिल्या.

आत्या पाळण्यात वाकली. साळोखेही वाकले. मॅडमनी पेन कागदाला टेकवलं.

"कुर्रर्र..." आत्या म्हणाली.

वामनने गर्दीतून हात घातला. त्याचा तळवा बाळाच्या कानावर पालथा पडला, आणि आत्याने तोवर तोंड उघडलं होतं, तिला थांबता आलं नाही. नाव त्याच्या हातावर पडलं. ते गरम होतं. त्याने हात उलटा करून ते झेलल्यासारखं धरलं आणि मूठ मिटली.

धपाटे पडायचे थांबले.

"काय नाव ठेवलं?" शालनने विचारलं.

आत्याने आठवायचा प्रयत्न केला. तिने ओठ हलवले, दोनदा. मग ती वामनच्या मुठीकडे बघायला लागली. सगळेच बघायला लागले.

"मूठ उघडा, वामनराव," साळोखे अगदी मऊ आवाजात म्हणाले.

वामनने मूठ छातीशी घेतली आणि दुसऱ्या हाताने वरून दाबली. बोटांच्या फटींतून धूर येऊ लागला.