जुन्याच्या कुशीत एकच नवं

“तिका ह्यातला कायएक सांगा नको हां, लीला. ओवसो होवंदे, मगे बघूया. डॉक्टर काय खंय पळान जाता?”

“डॉक्टर पळणा नाय गो वयनी. पण ती गाठ काय बसान रवतली?”

मागच्या पडवीत कुळीथ निवडता निवडता सुगंधाबाई आणि लीलाकाकी या दोघी जावा कुजबुजत होत्या. ऐकू नये ते आम्ही दोघींनी ऐकलं. एक, दाराआड पाण्याची कळशी घेऊन उभी राहिलेली नवी सून तन्वी. दुसरी मी. मला तर ऐकण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. मी त्या गाठीतच राहते.

मी एक प्रथिन. शास्त्रज्ञ मला पीएलके-फोर म्हणतात. जात कायनेजची, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण करून त्यांना कामाला लावणारी. सुगंधाबाईंच्या डाव्या स्तनातल्या, दुधाच्या गल्लीतल्या एका पेशीत माझा जन्म झाला. याच गल्लीतल्या दुधावर त्यांचा मुलगा विश्वेश वाढला. एकूण घर चांगलं मिळालं.

माझं काम एकच. प्रत्येक पेशीत तारककेंद्र नावाची दोन इवलीशी नळकांडी असतात. पेशीच्या दोन पेशी व्हायच्या आधी त्या प्रत्येकाच्या कुशीत एक नवं नळकांडं उभं करायचं. जुन्याला एक नवं, बस. मग मी स्वतःच्याच अंगावर खूण करते आणि पेशीतली झाडलोट करणारी मंडळी मला मोडून टाकतात. पाहुणीने जेवून हात धुवावेत आणि आग्रहाची वाट न बघता निघावं, तसं. कोकणात अशी पाहुणी विरळाच.

पण एका पेशीत माझं निघणं राहून गेलं. का, ते मलाही धड सांगता येत नाही. मी उरले, माझ्यासारख्या आणखी उरल्या, आणि जुन्या नळकांड्याभोवती एकाऐवजी तीन-चार नवी उभी राहिली, अबोलीच्या वळेसरासारखी, गजऱ्यासारखी गोल. दिसायला सुरेख!

तुम्ही रापण ओढताना पाहिली असेल. जाळ्याची दोन टोकं दोन बाजूंनी ओढली की मासळी नीट किनाऱ्याला लागते. पेशीतली गुणसूत्रंही अशीच दोन बाजूंना ओढून वाटायची असतात. तिसरीकडून, चौथीकडून ओढ लागली की वाटणीचा विचका. कुणाला जास्त, कुणाला कमी. एरवी अशा पेशीला अडवणारा एक राखणदार असतो. इथे तोही ढिला पडला होता. कॅन्सर हे एकटीदुकटीचं काम नव्हे, पण त्यात माझा हात आहे, हे खरं.

तन्वी मला ओळखते. वैभववाडीची मुलगी, कोल्हापुरात राहून पेशींचं शास्त्र शिकली. मी उभारलेली नळकांडी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या ठिपक्यांसारखी चमकताना तिने तासन्‌तास पाहिलीत. मी स्वतः इतकी थोडी असते की सहसा दिसतच नाही. वैशाखात लग्न होऊन ती तळ्याकाठच्या धामापूरला आली, आणि तेव्हापासून या घरात तिच्यापेक्षा मांजर जास्त बोलतं. तिच्या शिक्षणाबद्दल सुगंधाबाई शेजारणींना कौतुकाने सांगतात, “आमची सून दुर्बिणीक डोळो लावन बसा. काय दिसा ता तिकाच ठावक!” जीव मात्र भारी. सुरमईचा मधला तुकडा हल्ली विश्वेशच्या ताटात पडत नाही, तो सुनेकडे जातो.

डॉक्टर म्हणाले होते, गाठ वाईट आहे, लवकर काढा. आणि नेमकी यंदा गौर पूर्वा नक्षत्रावर येत होती. नव्या सुनेचा पहिला ओवसा त्याच योगावर होतो. फळं-पानं भरलेली सुपं तिने गौरीसमोर ओवाळायची, मग सासूच्या आणि घरातल्या थोरांच्या हाती द्यायची. यंदा चुकलं तर पुढचा योग कधी, ते पंचांगाला विचारायचं.

“मी इस्पितळात पडलंय तर चेडवाचो ओवसो चुकतलो,” असं सुगंधाबाईंचं म्हणणं; सुनेला त्या चेडू, म्हणजे मुलगीच म्हणतात. म्हणून ऑपरेशन चतुर्थीनंतर, आणि सुनेला पत्ता लागू द्यायचा नाही. माणसांची ही तऱ्हा मला नवीच. आम्हा प्रथिनांत कुणी कुणासाठी थांबत नाही. इथे मात्र सुनेच्या हौसेसाठी सासू स्वतःचा जीव पुढच्या महिन्यावर ढकलत होती.

माझ्याजवळ पंचांग नाही. गौर कुठल्याही नक्षत्रावर येवो, मी नळकांडी उभारत राहणार. मला आवरणारी औषधं तपासली जाताहेत म्हणे. ती येतील तेव्हा येतील. आज सुरीच बरी. तिच्यासोबत मी निमूट जाईन, निरोपाचा नारळही नको. उशीर केलात तर मात्र मला थांबता येणार नाही, आणि ही बाई मला आवडते.

हे सगळं मी ओरडून सांगितलं असतं, पण प्रथिनाला तोंड नाही. तोंड होतं ते तन्वीला, आणि ते ती वापरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली सगळी ओट्यावर चहाची वाट बघत बसली होती. “विश्वेशा, डॉक्टराक फोन लाव,” सुगंधाबाई हळूच म्हणाल्या. “चवथ झाल्यार येताव म्हणान सांग.”

“आये, बघ हां, परत इचार कर,” असं पुटपुटत विश्वेशने फोन काढला.

तन्वी चहा घेऊन आली. तिने ट्रे खाली ठेवला, नवऱ्याच्या हातातला फोन घेतला आणि पालथा घालून ठेवला.

“अगो बाय, हिका कोणी सांगल्यान?” सुगंधाबाईंनी जावेकडे डोळे वटारले.

“माझ्याकडे काय बघतंस? मी नाय हां!” लीलाकाकी म्हणाल्या.

 तन्वीचा आवाज खणखणीत निघाला.

“कोणी सांगूक नाय. तुमचा कुजबुजणा तळ्यापलीकडे ऐकाक येता. आई, ओवसो माझो आसा, तो खंयच्या वर्सा करूचो ता मी ठरवतलंय. उद्या आपण इस्पितळात जावया. पयला सूप माका तुमच्या हातात देवचा आसा, तुमच्या फोटोफुडे ठेवूचा नाय.”