उद्घाटन झालेला पूल

ठेकेदार प्रफुल कुनघाडकर विमा काढायचा, तो फक्त टेंडरमध्ये तसं लिहिलेलं असायचं म्हणून. पॉलिसी हातात पडली की ती गाडीच्या खणात सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पुड्यांखाली कोंबायची आणि एजंटच्या नावानं बोटं मोडायची, हा त्याचा रिवाज. "फुकटचे पैसे खाऊन राह्यले लेकाचे," तो चामोर्शीच्या पानठेल्यावर उभा राहून सांगायचा. "आपल्या कामाले विमा लागत नाई. आपलं काम म्हणजे दगड!" आता कसला दगड नि कसलं काय, ते कोसमटोल्याच्या नाल्यावर जाऊन कोणीही बघावं.

त्या नाल्यावर त्यानं तीन गाळ्यांचा पूल बांधायला घेतला होता. दोन गाळ्यांवर स्लॅब झाली आणि मार्च उजाडला. बांधकाम खात्यातल्या साहेबांचा फोन आला : निधी परत जाईल, काम पूर्ण दाखव, बिल काढ, मग मागाहून बांधत बस. प्रफुलभाऊला असलं दोनदा सांगावं लागत नाही. त्यानं तिसऱ्या गाळ्यावर बांबू आडवे टाकले, वर प्लायवूड टाकलं आणि त्याच्यावर लग्नाच्या मांडवातला हिरवा गालिचा अंथरला. पुढारी आले, फीत कापली, दुसऱ्या गाळ्यापर्यंत रुबाबात चालत गेले. गालिच्यावर पाय ठेवणार, तोच साहेबांनी कोपराला धरून त्यांना गुमान मागे वळवलं. फोटो मात्र झकास आला! पुलाच्या तोंडाशी तारखेसकट संगमरवरी पाटी बसली. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, लाडू खाल्ले आणि नाल्यातून पाय भिजवत ते आपापल्या घरी गेले.

मग मे संपता संपता, पावसाच्या आत, तिसरा गाळा उरकायची घाई सुटली. स्लॅबला खालून टेकू देणाऱ्या सेंट्रिंगच्या बल्ल्या कुठल्या? जुन्याच, निम्म्या कुजलेल्या. कोलू मडावी हा प्रफुलचा मुकादम. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच्याच कामावर राबलेला. तो म्हणाला, "भाऊ, बल्ल्या बदलवा. ह्या धरत नाई."

"तुले लय समजते," प्रफुल म्हणाला.

अर्धा माल ओतून झाला आणि सगळं सेंट्रिंग धाडकन खाली बसलं. बाकीच्यांनी उड्या मारल्या, कोलू तेवढा ढिगात सापडला. मांडीचं हाड मोडलं.

गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आत सळई टाकावी लागेल, आणि उशीर केलात तर हा माणूस जन्माचा लंगडा होईल. कोलूची बायको दुर्गा प्रफुलच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि काय सांगावं, ह्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर चक्क हसू! त्याला पॉलिसी आठवली होती. पुलाचा विमा, वर मजुरांचाही विमा!

"दुर्गा, टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "कंपनी देते सगळं. ऑपरेशन, घरी बसल्याची मजुरी, सगळं!" लगेच गाडीतून त्यानं ती पॉलिसी शोधून काढली, वरची सुपारी झटकली आणि तिच्याकडे असा मायेनं पाहू लागला, की बायकोकडेही कधी पाहिलं नसेल.

नागपूरहून विमा कंपनीची सर्व्हेअर आली. दिव्यानी रामटेके तिचं नाव. तिनं नाल्यात उतरून पडलेला ढीग पाहिला, फोटो काढले आणि वर येऊन पाटी वाचली.

"पूल मार्चमध्येच झाला?"

"हो. म्हणजे, झालाच."

"मग विमाही तेव्हाच संपला. तो बांधकाम चालू असेपर्यंतच असतो. पूल झाला म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे मजूरही नाहीत."

"काय बोलता मॅडम! हे लोखंड तुमच्यासमोर लोंबकळून राह्यलं ना!"

"मग उद्घाटन खोटं होतं, काम चालू होतं आणि कोलू मडावी तुमच्याकडे कामावर होता, एवढं लिहून द्या. मी तसा अहवाल पाठवते. त्याच्या ऑपरेशनचं काम लगेच होईल."

प्रफुलच्या तोंडचं पाणी पळालं. बाजूला जाऊन त्यानं साहेबांना फोन लावला.

"पागल झाला का बे?" साहेब कडाडले. "लिहून दिलं तं तू काळ्या यादीत आणि मी घरी! थोडा दम धर. पूर आला की पूल वाहून गेला म्हणू, दुरुस्तीचा ठेका तुलेच. त्या माणसाचं पाह्य काही तरी."

दुरुस्तीचा ठेका म्हटल्यावर प्रफुलभाऊंचा जीव भांड्यात पडला. मॅडम दवाखान्यात कोलूचा जबाब घ्यायला जायच्या आधीच हा डझनभर केळी घेऊन तिथे हजर.

"कोलू, हे पाह्य, तू माह्या कामावर नव्हता. मॅडमनं विचारलं तं सांगजो, मी गावचा माणूस आहो, पूल पाहाले गेलो होतो. मी तुले वाऱ्यावर सोडतो का?"

"आन् ऑपरेशन?" दुर्गानं विचारलं.

"पाहू ना. एक वैदू हाय माह्या ओळखीचा. लेप लावते, हाड जुळते."

लेप! मांडीत हाडाचे दोन तुकडे, आणि हा निघाला लेप लावायला! लाजेची एवढीशी तरी चाड असावी की नाही माणसाला? ज्याच्यासाठी उभा जन्म विटा वाहिल्या, त्यानं आपल्याला एका वाक्यात झटकलं, हे कोलूला दुखऱ्या पायापेक्षा जास्त लागलं होतं. दुर्गानं केळी खिडकीत ठेवली आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट केली.

"भाऊ म्हनते तसंच सांगा तुमी," ती म्हणाली. "एक अक्षर इकडचं तिकडं करू नका."

मॅडम आल्या, स्टुलावर बसल्या. प्रफुल पायथ्याशी हात बांधून उभा राहिला, घरचा वडीलधारा असल्यासारखा.

"कोलूभाऊ, तुम्ही ह्यांच्या कामावर होता?"

"नाई बाई. मी गावचा मानूस. पूल पाहाले गेल्तो."

प्रफुलनं गालातल्या गालात सुपारी फिरवली.

"मग पडलात कसे?"

घ्या! हे शिकवायचं राहूनच गेलं होतं. प्रफुल डोळ्यांनी खुणा करू लागला, पण डोळ्यांनी माणूस किती सांगणार?

"पूल झाला म्हने, उद्घाटनबी झालं," कोलू सावकाश म्हणाला. "म्हनून निंगालो पलीकडं. दोन गाळे बरोबर चाललो. तिसरा नव्हताच. पडलो."

मॅडमनी लिहिणं थांबवलं आणि मान वळवून प्रफुलकडे पाहिलं.

"म्हणजे लोकांसाठी खुला केलेल्या पुलावरून माणूस पडला, कारण पूल अर्धाच होता. मग हे माझ्याकडचं कामच नाही. हे पोलिसांकडे जाईल. गुन्हा ठेकेदारावर, आणि भरपाई त्याच्या खिशातून."

"बाई, ठानं इथून जवळच हाय," दुर्गा अदबीनं म्हणाली. "मी जाऊन येऊ का?"

"थांब!" प्रफुल असा ओरडला, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "काऊन खोटं बोलतं बे कोलू? मॅडम, हा माहा माणूस! माहा मुकादम! लहानपणापासून माह्याच कामावर हाय! त्या दिवशीही मीच चढवलं त्याले वर. बल्ल्या कुजल्या म्हणून तो सांगत होता, मीच ऐकलं नाई! पूल गेला चुलीत, पूल झालाच कुठी? उद्घाटन खोटं, पाटी खोटी, सगळं खोटं!"

आख्खा वॉर्ड ऐकत होता. दारातली नर्ससुद्धा थांबली. प्रफुल घामानं थबथबला होता आणि त्यानं कोलूचा धड पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

मॅडमनी कोरा कागद पुढे केला. दुर्गानं शेजारच्या खाटेजवळचं रिकामं स्टूल पायानंच सरकवत त्याच्याजवळ आणलं.

"बोलू नका भाऊ," ती म्हणाली. "बसा. लिवा."