फलकावरची रिकामी वर्षं

सिद्धीला लग्नासाठी इथली, परदेशातल्या आमच्या हिल्सबरोमधली हीच जुनी हवेली हवी होती आणि तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा राघव, मूग गिळून बसला होता. बापच बोलेना तिथे मी आजोबा काय बोलणार? चरफडत त्यांच्याबरोबर हॉल बघायला गेलो.

दारातच इतिहासाचा फलक. यॉर्कशरहून आलेल्या लोकरीच्या व्यापाऱ्याने तिकडच्या आपल्या जमीनदाराच्या हवेलीसारखी हुबेहूब हवेली इथे बांधली. मग जखमी सैनिकांचं इस्पितळ, मग नन्सची शाळा. पुढे, '१९८८ ते २०१७ : इमारत रिकामी'. आता लग्नं.

रिकामी? माझं डोकंच फिरलं. त्यातली वीस वर्षं इथे म्हाताऱ्यांचं रेस्ट होम होतं. स्मृतिभ्रंश झाल्यावर माझी बायको मनोरमा चौदा महिने इथे होती आणि इथेच गेली. सिद्धी तेव्हा चार वर्षांची होती, तिला यातलं काही ठाऊक नाही. मनोरमाच्या खोलीवर आता 'ब्रायडल स्वीट' अशी पाटी आहे आणि सिद्धी तीच बघायला धावत वर गेली होती.

"हे साफ चूक आहे," मी मॅनेजरबाईंना सुनावलं. "इथे म्हातारी माणसं राहायची. माझी बायको होती. लग्नाआधी फलक दुरुस्त करा."

मला वाटलं, वाद घालतील. त्या तर वहीच घेऊन आल्या. "सो सॉरी! आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्यांचं नावही घालू."

राघवने मला बाजूला ओढलं. "बाबा, प्लीज. पुण्याहून रमणकाका येतायत, सगळं गणगोत येतंय. दारातच वाचतील."

"वाचू देत की! आणखी किती वर्षं लपवायचं?"

"मी लपवलं? फोनवर काकांना तुम्हीच सांगितलंत, आई घरीच वारली, तुमच्या मांडीवर."

सांगितलं होतं. तोंडात गंगाजल घातलं, असंही सांगितलं होतं. खरं म्हणजे आम्ही पोचेपर्यंत नर्सने चादर बदललीसुद्धा होती. रमण तेव्हा रडत म्हणाला होता, "वहिनी नशीबवान." दर श्राद्धाला तो हेच म्हणतो आणि मी ऐकून घेतो. मला माझीच चीड आली.

"आजोबा, वर या ना! धिस रूम इज सो प्रिटी!" सिद्धी जिन्यावरून ओरडली.

मॅनेजरबाई पेन उघडून उभ्या होत्या. "सर, नाव?"

"माफ करा," मी म्हणालो. "माझाच घोळ झाला. इमारत रिकामी होती."