गवयाची सीट

मी सीट बोलतेय. मालट्रकमधली, ड्रायव्हरच्या बाजूची. ट्रक म्हटला की तुम्हाला त्याची चाकं आठवतात, हॉर्न आठवतो, मागच्या फळीवर रंगवलेली अक्षरं आठवतात. माझी आठवण कुणाला येत नाही, कारण जो तो माझ्याकडे पाठ करून बसतो. असो, आमचा धंदाच तसा.

कारखान्यात मला स्प्रिंगा मिळाल्या, जाड फोम मिळाला, वर काळं रेक्झिन चढलं आणि पुढे-मागे सरकवायला खाली एक दांडा बसवला. माझे पहिले ड्रायव्हर म्हणजे आमचे काका. अंगानं भारदस्त. पहिल्यांदा बसण्याआधी त्यांनी मला रुमालानं पुसलं आणि मी त्यांची झाले. वर्षानुवर्षं तेच बसले. माझ्या फोमला त्यांच्या पाठीचा आकार आला. तेव्हाचे मालक सकाळी फाटकाशी येऊन "सांभाळून जा" एवढंच म्हणायचे. कुठं थांबायचं, चहा कधी घ्यायचा, हे काकांचं काका बघायचे.

पुढे काकांचे गुडघे कुरकुरायला लागले, ते घरी बसले. त्याच सुमारास मालकांचा मुलगा कारभार बघू लागला. त्यानं ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा बसवला आणि तो बघत बसायला ऑफिसात एक देखरेखवाले साहेब नेमले. झालं! ब्रेक जोरात मारला, फोन. चहाला थांबला, फोन. थांबला नाही तरी फोन, की बाबा, विश्रांती का नाही घेतली?

ड्रायव्हर येऊ लागले आणि जाऊ लागले. आला की प्रत्येक जण दांडा ओढून मला आपल्या मापाची करायचा. कुणी उशी आणली, कुणी टॉवेल अंथरला, एकानं तर लाकडी मण्यांची चटई घातली, तिचे वळ अजून माझ्या अंगावर आहेत. माझा जीव जरा रमतोय तोवर माणूस पसार! फाटकावर 'ड्रायव्हर पाहिजेत' अशी पाटी कायमचीच लागली. आणि साहेब सगळ्यांना सांगत फिरायचे, की हल्ली माणसांना कामच नको असतं.

मग आला गवई. हे नाव त्याला यार्डातल्या मंडळींनी ठेवलेलं. दुपारचं जेवण झालं की भल्याभल्या ड्रायव्हरांना पेंग येते. त्यावर ह्याचं औषध म्हणजे गाणं. तेही साधंसुधं नाही. आ वासून, मान हलवून, स्टिअरिंगवर ताल धरून. सूर कधी लागायचा, कधी नाही, पण माझ्या स्प्रिंगा मजेत डोलायच्या. हा टिकावा असं मला मनापासून वाटायचं.

कॅमेऱ्याला मात्र गाणं कळत नव्हतं. उन्हासाठी गवई काळा चष्मा लावायचा, त्यामुळे दिसायचं ते फक्त तोंड. ते उघडलं की कॅमेऱ्याच्या लेखी जांभई. गवयानं तान घेतली की फोन आलाच: झोप येतेय, गाडी बाजूला घ्या, विश्रांती घ्या. तो निमूटपणे थांबायचा. मग माल उशिरा पोचला म्हणून पुन्हा फोन. शेवटी त्यानं ऑफिसात जाऊन सगळं समजावून सांगितलं. परत आला तो स्वतःशीच हसत. साहेबांचं म्हणणं पडलं, की गाणं असेल हो, पण सिस्टिमला जांभई दिसतेय, तर तुम्ही तोंड मिटून गा.

बिचारा गुणगुणायला लागला. कॅमेरा खूश, फोन बंद. माझी काळजी मात्र वाढली, कारण तोंड मिटून गुणगुणल्यानं पेंग काही जात नाही. एका दुपारी ती गुणगुण हळूहळू विरली. माझ्यावरचं वजन एका बाजूला कललं. मला हात असते तर मी त्याला गदागदा हलवलं असतं. चाक रस्त्याच्या कडेच्या खडीवर गेलं, सगळी गाडी खडखडली आणि तो दचकून जागा झाला. गाडी बाजूला घेतली. मग त्यानं बायकोला फोन लावून नुसतं "काय करतेयस?" विचारलं आणि ती बोलत होती ते ऐकत बसून राहिला.

संध्याकाळी यार्डात साहेब स्वतः हसत हसत गाडीपाशी आले. आठवडाभर एकही जांभई नाही म्हणून त्यांनी गवयाचं नाव ऑफिसातल्या फळ्यावर लिहिलं होतं. गवई खाली उतरला आणि त्यानं किल्ली त्यांच्या हातात दिली.

"अहो, झालं काय? दुसऱ्या कंपनीनं बोलावलंय का?"

"नाही साहेब. आज मला खरंच झोप लागली होती. तोंड मिटलेलं होतं, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

जाण्याआधी त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या ड्रायव्हरांत माझा निरोप घेणारा तो एकटाच. मला फार वाईट वाटलं, पण तो धडधाकट घरी गेला याचं समाधानही वाटलं.

सध्या आमचा ट्रक यार्डात नुसता उभा आहे. माझं रेक्झिन उसवलंय, दांडा गंजलाय. मागणं एकच आहे, आणि ते ऑफिसात बसणाऱ्यांकडे. एखाद्या दुपारी पोटभर जेवून या. काळा चष्मा लावून माझ्यावर बसा आणि लांबच्या रस्त्याला तोंड मिटून गाडी चालवून बघा. डुलकी लागली तरी फोनची धास्ती नको, कॅमेरा एक अक्षर बोलणार नाही.